तपकीर गल्लीतला राळेचा धूर

दिवाळीत पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळांसाठी रेटारेटी असते. मी मात्र गेलो ते जुलैत, बंद पडलेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. पावसात भिजलेल्या त्या फोनचं कंपनीच्या सेवा केंद्रात निदान झालं होतं: मदरबोर्ड बदला. खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त. बोर्डातलं नेमकं काय गेलंय, हे सांगायची तिथे पद्धतच नव्हती.

गल्लीतल्या कारागिराने ब्लोअरने गरम करून मागचं झाकण सोडवलं, बॅटरी काढली आणि बोर्डाला पॉवर सप्लायच्या दोन वायरी लावल्या. फोनचं बटण दाबलेलं नसतानाही मीटरवरचा आकडा चढला. ‘बोर्ड शॉर्ट आहे,’ तो म्हणाला. वीज वाटेतूनच पळून जात होती, पण कुठून? नखाएवढ्या जागेत डझनावारी सुटे भाग दाटीवाटीने बसलेले असतात. त्याने सोल्डरिंग गनच्या टोकाला राळ लावली, तिचा धूर बोर्डावर धरला. सगळ्या भागांवर पिठासारखा पांढरा थर बसला. मग पुन्हा वीज सोडली. पाहता पाहता एका ठिकाणचा थर वितळून पारदर्शक झाला. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान असलेला एक कपॅसिटर तापत होता. चिमट्याने तो उचलला आणि मीटर खाली आला. त्या ओळीत वीज स्थिर ठेवणारे आणखी कपॅसिटर होते, म्हणून एकावाचून अडलं नाही. बॅटरी जोडताच फोन सुरू झाला. आठशे रुपये.

ही राळेची युक्ती मला अजून विस्मयकारक वाटते. लाखो रुपयांची उष्णता टिपणारी यंत्रं जे काम करतात, तेच इथे चिमूटभर राळ करते. पण ती वापरायची कधी, वीज किती सोडायची, हे जाणणारा माणूस हवा. असे कारागीर पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या दुकानांत आणि या गल्लीत आजही बसतात. शेजारच्या काउंटरवर इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी रेझिस्टर आणि सेन्सर घेत असतात. तपकिरीवरून नाव पडलेल्या या गल्लीची आजची ओळख विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची आहे.

गिऱ्हाइकांची भाषाही ऐकण्यासारखी. ‘फोल्डर गेला’ म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र गेले. ‘पट्टी’ म्हणजे आतली लवचिक वायर. ‘पिन गेली’ म्हणत आलेल्या कित्येकांच्या चार्जिंगच्या भोकात नुसता खिशातला कापूस ठासलेला असतो. चांगला कारागीर आधी ब्रश फिरवतो, मग पैशांचं बोलतो. आणि मग नेहमीचा प्रश्न येतो: ‘ओरिजिनल टाकू की कॉपी?’ इथे मात्र गिऱ्हाईक आंधळं असतं. पार्ट खरा की नकली हे त्याला कळायला मार्ग नाही, बिलही बऱ्याचदा मिळत नाही. गल्लीवर माझं प्रेम आहे, पण हा दोष झाकून चालणार नाही.

दोषाचं एक मूळ कंपन्यांकडे जातं. बोर्डाचे नकाशे कारागीर संगणकावर पाहतात, पण ते बहुधा कंपनीकडून आलेले नसतात, बाहेरून विकत घ्यावे लागतात. अस्सल पार्ट थेट मिळत नाहीत. काही फोन तर बदललेला पार्ट ओळखून तक्रार करतात. असं पार्ट फोनशी बांधून ठेवणं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2024 मध्ये कायद्याने रोखलं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या स्मार्टफोनसाठी नियम लागू आहेत: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. मे 2025 मध्ये आणखी एका समितीचा अहवाल आला: फोन किती सहज दुरुस्त होतो याचा निर्देशांक ग्राहकाला दिसावा. माझा आग्रह इतकाच, की नकाशे आणि पार्ट सेवा केंद्राच्या काचेआड अडकू नयेत, गल्लीतल्या माणसापर्यंतही पोहोचावेत. राळेचा धूर धरणाऱ्याला अंधारात चाचपडायला लावून दुरुस्तीचा हक्क कसला?

संयुक्त राष्ट्रांच्या ताज्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा करून पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद त्यातल्या पावभागाहूनही कमी. पुण्यात 1993 साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे त्यांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आली आणि घरोघरचा कचरा या कचरावेचकांच्या हातून जाऊ लागला. दुरुस्त होऊ शकणारा फोन त्यांच्या हाती पडावा, हे मला पटत नाही.

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. मागच्या रविवारी तिथे ताडपत्रीवर चार्जर, रिमोट आणि काचा फुटलेले फोन पसरलेले होते. त्यांत माझ्याच मॉडेलचा एक दिसला. स्क्रीन गेलेला, पण विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार बोर्ड चालू. त्याने तीनशे सांगितले, दोनशेला सौदा जमला. तो मी कारागिराकडे नेऊन दिला. पुढच्या पावसाळ्यात कोणाचा तरी कपॅसिटर जाईलच.