महाविद्यालयीन भाषाव्यवहार आणि संख्याशास्त्रीय पद्धती

विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या भाषाव्यवहाराची संख्याशास्त्रीय पाहणी करताना पहिला प्रश्न नमुन्याचा असतो. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. चिखली, मेहकर घाटावर, तर खामगाव, मलकापूर घाटाखाली. त्यामुळे १३ तालुक्यांतून सरसकट नव्हे, तर स्तरित नमुना घेणे इष्ट ठरते. समजा, वर्गात वऱ्हाडी रूपे योजणारे विद्यार्थी १०० पैकी घाटावर २० व घाटाखाली ८० आढळले, तर ५० ही सरासरी कोणत्याच भागाचे चित्र दाखवीत नाही.

दोन्ही गटांच्या मतांतील फरक तपासण्यास कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग कसोटी उपयुक्त आहे. मात्र प्राध्यापकांची संख्या अल्प असते. अपेक्षित वारंवारता ५ हून कमी असल्यास निष्कर्ष विश्वसनीय राहत नाही. शिवाय ही कसोटी संबंध सुचविते, कारण नव्हे.

प्राध्यापक ज्या रूपांना ‘अशुद्ध’ म्हणतात, ती विद्यार्थ्याची घरची भाषा असू शकते. प्रश्नावलीतच ‘शुद्ध-अशुद्ध’ असे पर्याय ठेवल्यास पूर्वग्रहालाच आकड्यांचे प्रामाण्य लाभते. म्हणून मोजणीपूर्वी संज्ञांची चिकित्सा आवश्यक ठरते. ते कार्य भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचेच होय.