लसीची टक्केवारी आणि गावकुसाबाहेरचे मूल

गावात लसीकरण शंभर टक्के झाले, असा कागद मी पाहिला आहे. त्याच आठवड्यात त्या गावच्या बौद्धवाड्यात बसलो होतो. तीन आयांच्या घरी लसीचे कार्डच नव्हते. कागद खोटा होता असे मी म्हणत नाही. तो तयार कसा होतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. अंशात दिलेल्या मात्रा, छेदात अपेक्षित बालके. हा छेद पुष्कळदा दारोदार मोजलेला नसतो. लोकसंख्या व जन्मदर यांवरून अंदाजाने काढलेला असतो. अंदाज कमी धरला किंवा शेजारगावची मुले याच केंद्रावर आली की आकडा शंभराच्याही वर जातो, आणि न टोचलेले मूल त्याखाली सहज झाकले जाते.

म्हणून नमुना पाहणी आली. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी रीत अशी : तीस गट, दर गटात सात मुले, एकूण 210. गावाच्या मध्यावर उभे राहायचे, बाटली फिरवून दिशा ठरवायची, त्या दिशेचे एक घर काढायचे. मग त्याच्या सर्वांत जवळचे दार, मग त्याच्या जवळचे, सात मुले होईतो. स्वस्त, सुटसुटीत. पण आमच्या गावाचा मध्य कोठे असतो? चावडीपाशी, मारुतीच्या देवळापाशी. तिथले शेजारचे दार बहुधा त्याच जातीचे. सात मुले पुरी होतात, पाहणी करणारा परत फिरतो, वाड्याकडे पाय वळतच नाहीत. रीत घडवणाऱ्यांच्या मनात जात नसेल. गावाच्या नकाशात ती आहे. संघटनेने 2018 च्या पुस्तिकेत ही रीत सोडून घरांची यादी करून चिठ्ठीने निवड करण्यावर भर दिला, हे बरे झाले.

फ्लूच्या लसीचे मोजमाप याहून अवघड. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. लहान मुलाला पहिल्यांदा चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, पुढे दरवर्षी एक. मग एकच मात्रा घेतलेले मूल 'टोचलेले' धरायचे की नाही? एकाच वस्तीचे दोन आकडे इथेच निघतात. अमेरिकेत सहा ते तेवीस महिन्यांच्या सर्व मुलांसाठी ही शिफारस 2004 मध्ये झाली. तिथे एक पाहणी फोनवर आईबापांचे सांगणे लिहून घेते, दुसरी डॉक्टरची नोंद तपासते. सांगण्यातला आकडा चढा निघण्याचा धोका तिथलेच लोक मान्य करतात. तरी तिथे वंश विचारला जातो, म्हणून अलीकडच्या हंगामांत काळ्या मुलांचे मागे पडणे निदान कागदावर दिसते.

आपल्याकडे? सरकारी सार्वत्रिक लसीकरणात फ्लूची लस नाही. भारतीय बालरोग अकादमी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती दरवर्षी द्या म्हणते. म्हणजे खाजगी दवाखान्यात, पैसे मोजून. रोजंदारीवरची आई ते कोठून मोजणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जातीचा रकाना असतो. पण तिच्या 'पूर्ण लसीकरणा'च्या व्याख्येत क्षय, पोलिओ, त्रिगुणी आणि गोवर एवढेच. महाराष्ट्रात हे प्रमाण 2015-16 च्या पाहणीत सुमारे 56 टक्के होते, 2019-21 च्या पाहणीत 73 च्या पुढे गेले. वाढ खरी आहे, ती नाकारू नये. परंतु 2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार केला, तरी वाड्यातल्या किती तान्ह्यांना फ्लूची लस मिळते याचा हिशेब सरकारकडे मागावा तर तो रकानाच नाही.

तोवर यादी आपणच करावी. दर घरातले पाच वर्षांखालचे मूल, वय महिन्यांत. कार्डावर पाहिलेले एका रकान्यात, आईने तोंडी सांगितलेले दुसऱ्यात. दोन्हींची बेरीज करू नये. आधी मुले मोजावीत, मग टोचलेली. आणि ऊसतोडीला गेलेल्या घरापुढे 'घर बंद' लिहून नाव खोडू नये. ती मुले छेदात राहू द्यावीत, आणि उन्हाळ्यात कोयता परतला की त्या दारी पुन्हा जावे.