घरभाड्यापेक्षा बोट परवडेल का? बोटीवर राहण्याचं गणित आणि मुंबईच्या समुद्राची अडचण

निळंशार पाणी, पांढरी शिडाची बोट, डेकवर कॉफी पिणारं जोडपं आणि कॅप्शन, 'घरभाडं बंद केलं, बोट विकत घेतली.' असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. कधी ग्रीस, कधी तुर्की, कधी थायलंड. खाली कमेंटमध्ये एखादा मुंबईकर हमखास असतो. वाकोल्यात वन बीएचकेला एवढं भाडं मोजण्यापेक्षा हेच काय वाईट, असा त्याचा सवाल.

प्रश्न गमतीने विचारलेला असला तरी रास्त आहे. मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे आणि जागा मिळत नाही ती जमिनीवर. वाकोल्याहून जुहूचा किनारा जेमतेम पाचेक किलोमीटरवर. वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमला समुद्राला. मग बोटीवर राहणारी माणसं इथे का दिसत नाहीत?

समजून घेऊया.

बोटीवर राहणारे नेमके राहतात कुठे?

रीलमध्ये बोट कायम मोकळ्या समुद्रात दिसते. प्रत्यक्षात असं आयुष्य जगणाऱ्यांचा बराचसा वेळ किनाऱ्याला लागून जातो. एक तर एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून, नाहीतर मरीनामध्ये.

मरीना म्हणजे बोटींची सोसायटी समजा. भोवती लाटा अडवणारी भिंत, आत तरंगते धक्के आणि प्रत्येक बोटीला ठरलेली जागा. धक्क्यावर विजेचा पॉइंट आणि पाण्याचा नळ. जवळच बाथरूम, कपडे धुण्याची सोय, डिझेल पंप, दुरुस्तीचं वर्कशॉप. भाडं बोटीच्या लांबीवर ठरतं. बोट जितकी लांब तितके पैसे जास्त. दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट असेल, तर अनेक ठिकाणी एकाऐवजी दीड-दोन जागांचे पैसे घेतात.

म्हणजे घरभाडं बंद होत नाही, ते धक्क्याचं भाडं होतं. नांगर टाकून राहिलं तर बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत किंवा कमी लागतात. पण मग वीज, पाणी, कचरा सगळं तुमचं तुम्ही बघायचं.

पाण्याच्या टाकीचं गणित

दहा-बारा मीटरच्या शिडाच्या बोटीत गोड्या पाण्याची टाकी साधारण 300 ते 500 लिटरची असते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हा निकष धरला जातो. त्या हिशेबाने 400 लिटरची टाकी दोघांना दीड दिवसही पुरणार नाही.

म्हणून बोटीवरची माणसं दिवसाला दहा-पंधरा लिटरमध्ये भागवायला शिकतात. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, मग तांब्याभर गोड्या पाण्याने विसळायची. ज्यांनी चाळीत पहाटे पिंप भरून ठेवून दिवस काढलेत, त्यांना हे नवं नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र मिळतं, पण ते महाग असतं आणि वीज खातं.

विजेचंही तसंच. सोलर पॅनल आणि बॅटरीवर फ्रिज, दिवे, फोन चालतात. आकाश चार दिवस ढगाळ राहिलं की आधी फ्रिज बंद करायची वेळ येते.

संडासाच्या पाण्याची वेगळी टाकी असते. ती किनाऱ्याजवळ कुठेही रिकामी करता येत नाही. तुर्कीच्या नैऋत्य किनाऱ्यावर तर 'मावी कार्ट', म्हणजे निळं कार्ड, अशी पद्धत आहे. बोटीने आपलं घाण पाणी कधी आणि कुठे उपसून दिलं, याची त्यावर नोंद राहते.

मग खर्च किती?

बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. बोटीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम दर वर्षी तिच्यावर खर्च होते. समजा जुनी बोट 40 लाखांना घेतली, तर वर्षाला चार लाख बाजूला ठेवायचे. बोट जितकी जुनी तितका हा आकडा वर सरकतो.

हे पैसे जातात कुठे? बोटीचा तळ सतत पाण्यात असल्याने त्याला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटतात. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढायची, तळ खरवडायचा आणि खास रंग द्यायचा. शिडं उन्हाने विरतात. दोर झिजतात. खाऱ्या हवेने प्रत्येक वायर आणि स्क्रू गंजतो. शिवाय इंजिन, बॅटऱ्या आणि विमा आहेच.

फ्लॅटची किंमत वर्षागणिक वाढेल, अशी आशा तरी असते. बोटीची साधारणपणे घटतेच.

बोट पळते ऋतूच्या तालावर

उबदार किनाऱ्यांवर फिरायचं म्हणजे हवं तेव्हा हवं तिकडे जायचं, असं नसतं. प्रत्येक समुद्राचं आपलं कॅलेंडर असतं.

भूमध्य समुद्रात उन्हाळा फिरण्याचा. हिवाळ्यात बरेच जण तुर्कीतल्या मार्मारिससारख्या किंवा सिसिलीतल्या मरीनात बोट बांधून चार-पाच महिने एकाच जागी राहतात. कॅरिबियनमध्ये याच्या उलट. तिथे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. त्या काळात बोट धोक्याच्या पट्ट्यात ठेवली, तर वादळाने झालेलं नुकसान अनेक विमा कंपन्या भरून देत नाहीत. 1 जुलै 2024 रोजी बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं. आसरा म्हणून खारफुटीत नेऊन बांधलेल्या बोटीही त्यातून सुटल्या नाहीत.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक कॅलेंडर आहे, ते व्हिसाचं. शेंगेन देशांत 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. ग्रीस आणि इटली त्यातच येतात. त्यामुळे 'वर्षभर ग्रीक बेटांवर' हे रील युरोपीय पासपोर्ट असलेल्याला सोपं, आपल्याला नाही.

आता मुंबईकडे येऊ

पहिली अडचण भरती-ओहोटी. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाण्याची पातळी दिवसभरात अर्धा मीटरही बदलत नाही. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हाच फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ दीड मजला. शिडाच्या बोटीला तळाखाली साधारण दोन मीटर पाणी लागतं. माहीमच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यामुळे तिथे नांगरलेली बोट दिवसातून दोनदा आडवी होईल.

दुसरी अडचण दिशेची. जुहू, वर्सोवा, दादरचा किनारा थेट अरबी समुद्रासमोर आहे. आडोसा नाही. मुंबईचं नैसर्गिक बंदर आहे पूर्वेला, शहर आणि मुख्य भूमीच्या मध्ये. म्हणूनच गेटवेसमोर शिडाच्या बोटी डोलताना दिसतात. 1846 साली सुरू झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लबही तिथलाच. पण या बोटी धक्क्याला लागलेल्या नसतात. समुद्राच्या तळाशी घट्ट बसवलेल्या वजनाला त्या साखळीने बांधलेल्या असतात. बोटीवर जायला छोटी होडी लागते आणि तिथे नळही नाही, विजेचा पॉइंटही नाही. रविवारी शिडं उभारून फेरी मारायला हे ठीक आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या कुटुंबाला ते कसं जमणार?

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पावसाळा. वाकोल्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत 26 जुलै 2005 रोजी 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो अपवाद होता, पण साधा पावसाळाही बोटवाल्यांना चार महिने घरी बसवतो. गेटवे-मांडवा लाँचसेवा मे अखेरीला थांबते ती थेट पावसाळा ओसरल्यावरच सुरू होते. त्यात आता पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या वादळांची भर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तर मे 2021 मध्ये तौक्ते मुंबईच्या अगदी जवळून गेलं.

हे आपल्याकडे नवं ज्ञान नाही

कोळीवाड्यांत हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. त्याआधीच बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला की नवा हंगाम सुरू होतो.

आणि बोटीवर राहणारी माणसं मुंबईत नाहीत, असंही नाही. खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमार बोटींवर तांडेल आणि खलाशी अनेक दिवस सलग राहतात. बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ भरून निघायचं आणि छोट्याशा केबिनमध्ये पाळीपाळीने झोपायचं. फक्त त्याला कुणी 'लाइफस्टाइल' म्हणत नाही.

पावसाळी समुद्राला कमी लेखल्याची किंमतही या किनाऱ्याने मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली.

मुंबई ते गोवा तरी करता येईल?

ऑक्टोबर ते मे या काळात येतं. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. शिडाची बोट सरासरी पाच नॉट वेगाने जाते, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर, सायकलपेक्षाही हळू. न थांबता गेलात तर साधारण 45 तास.

थांबत जायचं तर कोकणात निसर्गाने दिलेले आसरे आहेत. दिघीजवळची राजपुरी खाडी, जयगड, विजयदुर्गची वाघोटन खाडी, देवगड. मराठा आरमाराने याच खाड्यांचा आधार घेतला. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे आरमाराची गोदी होती. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर वायव्येकडून. त्यामुळे दक्षिणेला जाणं सोपं आणि परतताना वारा तोंडावर. रात्री मच्छीमारांची जाळी चुकवणं ही आणखी एक परीक्षा. आणि 26/11 चे हल्लेखोर समुद्रमार्गे आल्यापासून किनाऱ्यावर तपासणी कडक आहे. बोटीची नोंदणी आणि कागदपत्रं जवळ हवीतच.

ज्यांना हा समुद्र खरोखर शिकायचा होता, त्यांनी तो शिकला. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाची सागर परिक्रमा मोहीम उभी राहिली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत 56 फुटी 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने हे करणारे ते पहिले भारतीय. पण त्यामागे नौदल, काही वर्षांची तयारी आणि बोट बांधण्यापासून तिच्याशी जोडलेला खलाशी होता.

मरीना बांधलं की प्रश्न सुटेल?

भारतात हे झालंच नाही असं नाही. कोचीत बोळगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन महामंडळाचं मरीना आहे. मुंबईतही पूर्व किनाऱ्यावर मरीना बांधण्याची चर्चा अनेक वर्षं आहे.

पण आडोशाचं पाणी मोजकंच असतं आणि तिथे आधीपासून कुणीतरी असतं. गोव्यात नावशी इथल्या प्रस्तावित मरीनाला मच्छीमार आणि ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मासे आणि शिंपल्यांची जागा जाईल, ही त्यांची भीती. मुंबईत रेडिओ क्लबजवळच्या 229 कोटींच्या प्रवासी जेट्टीचा वादही 2025 मध्ये हायकोर्टात गेला. ती तर फेरीबोटींसाठीची जेट्टी. म्हणजे खासगी बोटींसाठी जागा मागितली, तर फेरीवाले आणि कोळी आधी आपली जागा विचारणार, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

मग करायचं काय?

बोट विकत घेण्याआधी एका हंगामात सेलिंग शिका. मुंबईत क्लबमधून आणि गोव्यात प्रशिक्षण संस्थांमधून ते शिकता येतं. मग दोन-तीन जणांनी मिळून आठवडाभर बोट भाड्याने घ्या आणि त्यावरच झोपा, जेवा, भांडी घासा. समुद्र लागतो का, रात्री वारा वाढला की झोप लागते का, हे आठ दिवसांत कळतं. एवढं नको असेल तर एखाद्या हाउसबोटीवर एक रात्र काढून बघा.

आणि भाडं वाचवणं हाच हेतू असेल, तर मुंबईत बोट हा त्यावरचा उपाय नाही. धक्का, नळ आणि पावसाळ्यातला आसरा या तीन गोष्टी जिथे आहेत, तिथेच बोटीचं घर होतं. मुंबईत आज समुद्र भरपूर आहे, पण या तीन गोष्टी एकत्र मिळतील अशी जागा नाही.