चॉकलेट हलाल आहे का? पाकिटाची मागची बाजू वाचा

"डॉक्टरसाब, ये चाकलेट चलता क्या?" नांदेडला असताना आणि आता लातुरातही रमजान जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात साखर नसते, हलाल-हराम असते. हलाल काय हे सांगण्याचा अधिकार मौलवीसाहेबांचा. पण पाकिटात काय आहे, हे सांगणे आमच्याकडे येते.

आपल्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये साखर, दुधाची पावडर, कोको आणि कोको बटर असते. 'बटर' नावाला फसू नका, ती कोकोच्या बियांतली चरबी आहे, जनावराची नव्हे. मग येतात आकडे, आणि गोंधळ तिथेच होतो. ३२२ म्हणजे लेसिथिन. ते बहुधा सोयाबीनच्या तेलातून निघते, आणि सोयाबीन काय असते हे लातूरकरांना मी काय सांगावे! ४७६ एरंडेलापासून तयार करतात. ४७१ मात्र वनस्पती तेलापासूनही होते आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही.

तेव्हा ठिपका पाहावा. आपल्याकडे शाकाहारी पदार्थावर हिरवे आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी चिन्ह सक्तीचे आहे. (तपकिरी ठिपक्याऐवजी आता त्रिकोण असतो.) डुकराची किंवा कोणत्याही जनावराची चरबी घालून वर हिरवा ठिपका लावणे हा गुन्हा आहे. जुलै २०२१ मध्ये कॅडबरीच्या जिलेटिनबद्दल एक चित्र मोबाइलवर घरोघरी फिरले. ती माहिती ऑस्ट्रेलियातल्या मालाची होती. भारतात विकला जाणारा आमचा सगळा माल शाकाहारी आहे, असा खुलासा कंपनीने लगेच केला. पण खुलाशापेक्षा अफवेचे पाय लांब असतात. मे २०१४ मध्ये मलेशियात याच कंपनीच्या दोन चॉकलेटांत डुकराचा अंश सापडल्याचे तिथल्या आरोग्य खात्याने सांगितले आणि मोठा गदारोळ उडाला. पुढे जूनमध्ये तिथल्याच इस्लामी खात्याने अकरा नमुने पुन्हा तपासले, तर एकातही काही निघाले नाही.

तरीही हिरवा ठिपका म्हणजे हलालचा शिक्का नव्हे. दारू वनस्पतीपासून होते, म्हणून ठिपका तिच्याबद्दल काही बोलत नाही. रम, ब्रँडी, लिकर हे शब्द घटकांच्या यादीत शोधावे लागतात. उलट तपकिरी चिन्ह म्हणजे हरामच असेही नाही. केकमध्ये अंडे असले तरी ते लागते. परदेशातून कुणी पाहुण्याने आणलेल्या पाकिटावर आपला ठिपका नसतो. तिथे जिलेटिन किंवा ४४१ दिसले तर ते गाय, डुक्कर, मासा यांपैकी कशाचेही असू शकते. १२० हा लाल रंग किड्यापासून काढतात. चघळायच्या मऊ गोळ्यांत हे दोन्ही जास्त आढळतात.

आता माझ्या कामाचे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या एका खालांना रोज्यात दुपारी दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. मुलाने तोंडाशी चॉकलेट धरले. ते हलाल की नाही या शंकेने त्यांनी ओठ मिटून घेतले आणि घरात त्यावर वाद सुरू झाला. खरे तर त्या वेळी चॉकलेट हा उपायच नव्हे. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखरेबद्दल कुणाला शंका नसते! माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायलाच हवा. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. गोळ्यांच्या वेळा बदलून घेण्यासाठी रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटा.

दुसरी गोष्ट कॅप्सूलची. तिचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून काही रुग्ण ती गुपचूप टाकून देतात. काही जण फोडून आतली पूड घेतात. काही औषधांचे दाणे पोटातल्या आम्लापासून वाचावेत म्हणून मुद्दाम लेप दिलेले असतात. ते चावले किंवा कुटले की औषध वाया जाते. त्यापेक्षा चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा. पुष्कळ औषधे साध्या गोळीत, पातळ स्वरूपात किंवा वनस्पतिजन्य कवचातही मिळतात.