उदाहरण कुठे संपतं?

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मुलांच्या घोळक्याजवळ दोन मिनिटं उभे राहा. मराठी, जर्मन आणि मध्येच इंग्रजी असं सगळं एकत्र कानावर पडेल आणि दर चार वाक्यांमागे एक शब्दजोडी हमखास येईल: ‘त्सुम बायश्पील’. म्हणजे ‘उदाहरणार्थ’. आमच्या घरातही ती दिवसभर चालू असते. मी काही समजावायला बसलो की नववीतली माझी लेक शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी विचारते, “हो बाबा, पण त्सुम बायश्पील?” तिथे बऱ्याचदा बाबांची गाडी अडते.

तुमच्यापैकी जे भारतात शिकले, त्यांना ‘उदाहरण’ म्हटलं की गणिताचं पुस्तक आठवत असेल. ‘खालील उदाहरणे सोडवा.’ त्या उदाहरणात लागणारा प्रत्येक आकडा दिलेला असायचा, न लागणारा एकही नसायचा आणि उत्तर शेवटच्या पानावर असायचं. मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं तेही याच पद्धतीने, आणि चांगल्या मार्कांनी केलं. मग वीसएक वर्षांपूर्वी जर्मनीत आलो आणि पहिल्याच नोकरीत एक पंप बसवण्यासाठी लोखंडी आधाराचं डिझाइन माझ्याकडे आलं. पंपाचं वजन, थरथर, बोल्टवर येणारा ताण, सगळं काटेकोर काढलं. ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर माइस्टरांनी ते पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “हा मागचा बोल्ट कोण आवळणार?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी एक पाना माझ्या हातात दिला, मला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, “फिरवा.” पाना फिरायला जागाच नव्हती. बोल्ट किती भार घेईल हे मला दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत माहीत होतं. तो आवळायला माणसाचा हात तिथे पोचायला हवा, हे माझ्या एकाही उदाहरणात कधी आलं नव्हतं.

ही गोष्ट मी मित्रांमध्ये हसत सांगतो, पण तेव्हा कान लाल झाले होते. तेव्हापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही: डिझाइन करताना आणि नवं काही शोधताना उदाहरणाचं नेमकं काम काय असतं?

‘बायश्पील’ हा शब्द मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘बीश्पेल’ असा होता. मूळ मुद्द्याच्या जोडीने सांगितलेली गोष्ट, असा त्याचा अर्थ. हे वाचलं आणि मला आपला शब्द आठवला: दृष्टांत. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत तेराव्या शतकात केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. त्याची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतलं काय आपल्या सूत्राला लागू पडतं याचा उलगडा. आपण शाळेत सूत्र शिकलो, थोडेफार दृष्टांतही शिकलो. तिसरी पायरी मात्र बहुतेक वेळा राहून गेली. इंजिनिअरिंगमध्ये ती राहून गेली तर काय होतं, याची दोन उदाहरणं याच देशात, एकमेकांपासून चाळीसएक किलोमीटरवर सापडतात.

पहिलं आहे आउगुस्ट व्योलर यांचं. ते १८१९ साली हानोफरच्या उत्तरेला झोल्टाउ गावी जन्मले. त्यांच्या तरुणपणी युरोपात रेल्वे नवी होती आणि डब्यांचे, इंजिनांचे आस अचानक मोडत. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं गेली. कोडं असं होतं की मोडलेला आस गणिताने पुरेसा मजबूत होता. तेवढं वजन एकदा ठेवलं तर त्याला काही होत नसे. व्योलर पुढे ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमध्ये रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यांनी आधी धावत्या गाडीखाली आस खरोखर किती वाकतो हे मोजलं. मग तसाच वाकवत फिरवणारं यंत्र बनवलं आणि नमुना मोडेपर्यंत फेरे मोजले. त्यातून कळलं की धातू एका मोठ्या भाराने मोडतो, तसा लहान भार लाखो वेळा येऊन गेल्यानेही मोडतो. धातू ‘थकतो’. किती ताणाला किती फेरे, हा आलेख भारतात आपण ‘एस-एन कर्व्ह’ या नावाने पाठ केला. इथे त्याला ‘व्योलरलीनिए’, व्योलरची रेघ, म्हणतात. परीक्षेत ती रेघ मी पाच-सहा वेळा काढली असेन. तिच्यामागे मोडलेले आस आणि गेलेली माणसं आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं.

दुसरं उदाहरण झोल्टाउपासून फार दूर नसलेल्या एशेडेचं. १९९१ मध्ये आयसीई गाड्या धावू लागल्या. त्यांची चाकं अखंड पोलादाची होती. ती झिजून किंचित वेडीवाकडी झाली की डब्यात थरथर जाणवे, विशेषतः जेवणाच्या डब्यात. उपाय म्हणून चाकाच्या आतल्या भागावर रबराचा थर आणि त्यावर पोलादी धाव, अशी रचना आणली. ती हवेतून काढलेली नव्हती. ट्राममध्ये अशी चाकं वापरात होती. आता पायऱ्या मांडून पाहा. सूत्र: रबर थरथर शोषून घेतं. दृष्टांत: ट्राम. आणि दार्ष्टांतिक? ट्राममधलं काय आयसीईला लागू पडतं आणि काय पडत नाही?

रबरावर बसलेली धाव प्रत्येक फेऱ्यात रुळाशी जराशी दबते आणि पुन्हा गोल होते. झिजून ती पातळ झाली की जास्त दबते. चाकाचा व्यास नवा असताना ९२० मिलिमीटर होता. जे मोडलं ते झिजून ८६२ वर आलं होतं आणि परवानगी ८५४ पर्यंत होती. साधा गुणाकार करू. ८६२ मिलिमीटरचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ३७० फेरे घेतं. म्युनिक ते हांबुर्ग साधारण ८०० किलोमीटर धरले तर एका प्रवासात तीन लाखांच्या आसपास फेरे होतात. म्हणजे व्योलरची लाखो फेऱ्यांची रेघ आयसीईला एका आठवड्यातही गाठता येते. शहरात थांबत-थांबत, सावकाश धावणाऱ्या ट्रामचा अनुभव इथे किती पुरणार? आणि पूर्ण झिजलेल्या चाकाची पुरेशी चाचणी झालेली नव्हती.

३ जून १९९८ रोजी ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची एक धाव तुटली. भेग आतल्या बाजूने सुरू झाली होती, जिथे ती बाहेरून दिसत नाही. एशेडेला गाडी रुळांवरून घसरून पुलावर आदळली, पूल कोसळला आणि १०१ माणसं गेली. त्यानंतर आयसीईला पुन्हा अखंड पोलादी चाकं बसवली गेली. आज तिथल्या स्मारकात १०१ चेरीची झाडं आहेत. मागाहून शहाणपण सुचणं सोपं असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही हांबुर्गकडे जाताना ते गाव येतं तेव्हा मी हातातला फोन खाली ठेवतो. ट्रामचं उदाहरण खोटं नव्हतं. ते जिथे संपत होतं, त्याच्या पुढे ते नेलं गेलं.

मग चांगलं उदाहरण कसं निवडायचं? याची एक आनंदाची गोष्टही जर्मनीतच घडली आहे आणि ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. एरलांगेन इथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी गाणं कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीवर काम करत होते. पुढे तिलाच एमपीथ्री हे नाव मिळालं. तिच्यामागचं सूत्र आपल्याला सहज कळेल. ढोल-ताशाच्या गजरात शेजारचा कुजबुजला तर ऐकू येत नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? तेवढं गाळून टाका. बऱ्याच गाण्यांवर हे छान चालत होतं आणि काम होत आलंय असं वाटत होतं. तेवढ्यात ब्रांडेनबुर्ग यांच्या वाचनात आलं की स्पीकर तपासायला सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरतात. त्यात एकही वाद्य नाही, फक्त एकटा आवाज. त्यांनी ते आपल्या पद्धतीतून काढून पाहिलं आणि तो आवाज पार बिघडून आला. ढोल-ताशाच नव्हता, तर चूक लपणार कुठे?

त्यांना ते गाणं अपवाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. त्यांनी उलट केलं. तेच गाणं पुन्हा-पुन्हा ऐकत, तो आवाज नीट येईपर्यंत पद्धत सुधारत नेली. माझ्या मते उपयोजित संशोधनाचं मर्म इथे आहे. आपलं म्हणणं जिथे छान जमतं अशी दहा उदाहरणं कोणीही दाखवतो. ते जिथे मोडेल असं अकरावं उदाहरण स्वतःहून शोधायला धीर लागतो.

हे काम ज्या फ्राउनहोफर संस्थेत पुरं झालं, तिच्या नावाचीही एक कथा आहे. फ्राउनहोफर-गेझेलशाफ्ट १९४९ मध्ये म्युनिकला सुरू झाली आणि आज तिच्या सत्तरहून अधिक शाखासंस्था देशभर उपयोजित संशोधन करतात. जिच्यावर नाव आहे तो योझेफ फ्राउनहोफर १७८७ साली श्ट्राउबिंगला एका काच कारागिराच्या घरी जन्मला. लहानपणीच आई-वडील गेले आणि तो म्युनिकमध्ये आरसे बनवणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून राहिला. १८०१ मध्ये ते घर कोसळलं आणि त्याला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. पुढे तो दुर्बिणीसाठी उत्तम काच बनवू लागला. काच किरणाला किती वाकवते हे अचूक मोजायला त्याला प्रकाशात पक्क्या खुणा हव्या होत्या. त्या शोधात त्याने १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या. सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत हे पुढे त्याच रेषांवरून कळलं. त्याला मात्र त्या काच मोजायला हव्या होत्या.

हे सगळं या वर्षी डोक्यात घोळायचं कारण माझी लेक. नववीत शाळेतर्फे दोन आठवड्यांचं प्राक्टिकुम असतं, हे तुमच्याही घरात झालं असेल किंवा होणार असेल. मी ओळखीने एका प्रयोगशाळेत शब्द टाकून ठेवला होता. ती म्हणाली, “मला सायकल दुरुस्तीच्या दुकानात जायचंय.” आपल्या घरांमधली प्रतिक्रिया तुम्हाला माहीत आहे. “एवढं गिम्नाझियुमला घातलं ते काय पंक्चर काढायला?” हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात भिंतीशी पाना धरून उभा असलेला मी मला आठवलो, आणि गप्प बसलो.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती काळ्या नखांनी जेवायला बसली आणि म्हणाली, “बाबा, फिजिक्सच्या पुस्तकात ब्रेक नेहमी कोरडा असतो.” दिवसभर पाऊस होता. ओल्या रिमवर ब्रेक लागायला किती वेळ जातो ते तिने रस्त्यावर पाहिलं होतं. माझ्या लेकीला दार्ष्टांतिक हा शब्द माहीत नाही, पण ती तिसरी पायरी चढली होती.

म्हणून तुम्हाला थोडं सुचवतो. दर ३ ऑक्टोबरला ‘झेंडुंग मिट डेअर माउस’चा दारं उघडण्याचा दिवस असतो. २०११ पासून त्या दिवशी देशभरातले कारखाने आणि प्रयोगशाळा मुलांना आत घेतात. पुढच्या वर्षी नक्की जा. म्युनिकला गेलात तर डॉयचेस म्युझियममध्ये घाई करू नका. मुलं एका यंत्रापाशी अर्धा तास रमली तर रमू द्या. आणि पुण्याला जाल तेव्हा एक दिवस काढून पाबळचा विज्ञान आश्रम पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि कामं हाताने करत मुलांनी विज्ञान शिकावं, ही त्यांची धारणा.

यातलं काहीच जमलं नाही, तर या दिवाळीत मुलांबरोबर आकाशकंदील घरी करा. पुण्याच्या कोरड्या हवेतला कागदी कंदील इथल्या नोव्हेंबरच्या पावसात बाल्कनीत टांगला की सकाळपर्यंत लगदा होतो, हा आमचा स्वानुभव. मुलांना तो आधी तसाच करू द्या, भिजू द्या आणि मग विचारा: पुण्यातलं काय इथे चालतं आणि काय नाही? पारदर्शक कागद लावायचा, वर छप्पर करायचं की दोरा बदलायचा, हे त्यांचं त्यांना सुचेल. तुम्ही फक्त उत्तर आधी सांगू नका.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. कंदील टिकला तर कळवा, आणि नाही टिकला तर नक्कीच कळवा.