एका गुंठ्याचे दोन कागद

एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. हा आकडा असा आडनिडा का, हा प्रश्न कल्याणजवळच्या टिटवाळ्यात प्लॉट बघत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा पडत नाही. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची होती. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे 40 गुंठे जोडा, 43,560 चौरस फूट होतात. एक एकर नेमका तेवढाच, फुटाचाही फरक नाही. एकोणिसाव्या शतकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून शेतसाऱ्यासाठी जी मोजणी बसवली, तिचं हे गणित. आज टिटवाळ्यात, महागणपतीच्या या गावात, वन बीएचकेचा सौदा होतो, तेव्हा चौरस फुटाचा भाव जिभेवर असला तरी खालची जमीन अजून त्या साखळीच्याच हिशेबात असते.

या गुंठ्याचे दोन कागद असतात आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसते. जमिनीच्या कारभारातली मला वाटणारी सगळ्यात अजब गोष्ट हीच.

पहिला कागद सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. वरच्या भागात भूमापन क्रमांक, क्षेत्र, कब्जेदाराचं नाव. बाजूला ‘इतर हक्क’. त्या ‘इतर हक्कां’च्या रकान्यातच खरी कादंबरी दडलेली असते. कुळाचं नाव, सोसायटीचं कर्ज, बहिणींचे हक्क, ‘कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा. खालच्या भागात पीक: भात, गवत, नाहीतर पड. हा कागद महसूल खात्याचा. जमीन कुणाची आणि तिच्यावर कुणाकुणाचा डोळा, हे तो सांगतो.

दुसरा कागद महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो: विकास आराखड्याचा भाग नकाशा. त्यावर नाव कुणाचंच नसतं. रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा, मोकळ्या जागांना हिरवा असे रंग. मधूनच शाळा, खेळाचं मैदान, दवाखाना, स्मशान यांची आरक्षणं आणि सगळ्यांना कापत जाणारे डीपी रोड. या कागदाला मालकाशी देणंघेणं नाही. या जागी वीस वर्षांत काय व्हावं, एवढंच तो म्हणतो.

आता हे दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवा. सातबाऱ्यावर एका सर्व्हे नंबरचे पाच हिस्से आहेत, पाच भावांच्या नावांनी. पण कित्येक ठिकाणी हे हिस्से फक्त कागदावर पडलेले असतात. मोजणी करून नकाशावर पोटहिस्से उतरवलेलेच नसतात. नगररचनाकाराने मात्र त्याच सर्व्हे नंबरातून 18 मीटरचा रस्ता नेला. मग रस्ता कोणत्या भावाच्या वाट्याला गेला? नकाशाला ठाऊक नाही, कारण त्याच्या लेखी तो एकच तुकडा. सातबाऱ्याला ठाऊक नाही, कारण त्याच्यावर रस्ताच नाही. पाच भाऊ, एक रस्ता, आणि उत्तर कुठल्याच कार्यालयात नाही. मग ते दिवाणी न्यायालयात शोधलं जातं.

त्यात रेघेच्या जाडीचा घोळ. 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. अर्ध्या मिलिमीटरची पेनाची रेघ जमिनीवर उतरली की दोन मीटर रुंद होते. दोन मीटरांत एखाद्याची ओसरी जाते, एखाद्याची विहीर. आखणाऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. रेघ कितीही बारीक काढली तरी जमिनीवर ती जाडच उमटते.

हे कोडं सोडवायला बसणारा माणूस कोणत्या शाळेत शिकतो? नगररचनेचा विद्यार्थी आर्किटेक्चर किंवा अभियांत्रिकीच्या इमारतीत बसून चटईक्षेत्र, रस्त्यांची श्रेणी, लोकसंख्येचे अंदाज शिकतो. कायद्याचा विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत मालमत्ता हस्तांतरण कायदा वाचतो. पहिला ‘इतर हक्क’ वाचत नाही, दुसरा भाग नकाशा उलगडत नाही. आणि संविधान काय म्हणतं पाहा. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या 18 विषयांची यादी आहे. पहिला विषय नगर नियोजन. दुसरा विषय जमीन वापराचं आणि इमारत बांधकामाचं नियमन. संविधानाने दोघांना शेजारी बसवलं. आपण त्यांना वेगवेगळ्या महाविद्यालयांत पाठवलं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या दोन कागदांमागचे कायदे एकाच वर्षी आले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही 1966 चीच. पहिला नगररचना विभागाच्या कपाटात, दुसरी तहसीलदारांच्या. दोघांमधला सगळ्यात ठळक धागा म्हणजे ‘एनए’, शेतजमिनीचं बिगरशेतीत रूपांतर. संहितेत नंतर घातलेल्या कलम 42-अ पासूनच्या तरतुदींनी हा धागा सैल केला. विकास आराखडा मंजूर असलेल्या क्षेत्रात वेगळ्या एनए परवानगीची गरज उरली नाही; सरकारी आकार भरणं तेवढं उरलं. म्हणजे एका कागदावरचा पिवळा रंग आता दुसऱ्या कागदावरच्या शेतीला हटवू शकतो. हे ज्याला समजलं तो टिटवाळ्यात आज चांगले पैसे कमावतो. ज्याला समजलं नाही, तो बाजारभावाच्या निम्म्यात जमीन विकून मोकळा होतो.

नगररचना अधिनियमात मला सगळ्यात थक्क करणारं कलम आहे 127. तुमच्या जमिनीवर बगिच्याचं आरक्षण पडलं. तुम्हाला बांधता येत नाही, आणि पालिका जमीन घेतही नाही. किती वर्षं थांबायचं? कायदा चक्क घड्याळ लावतो. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून 24 महिन्यांत पालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडतं. हा कालावधी आधी सहा महिने होता, मग बारा झाला, मग चोवीस. आता ‘पावलं’ म्हणजे नेमकं काय? पालिकेने नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं तर चालेल का? 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, नाही. संपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हायला हवी. या एका शब्दाच्या अर्थावर महाराष्ट्रात कित्येक बागा वाचल्या आणि कित्येक गेल्या. नकाशा काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने काढलेली हिरवी चौकट दहा वर्षांनी हवेत विरते.

नियोजन आणि कायदा एका डोक्यात बसवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत झोनिंगचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो एडवर्ड बॅसेट वास्तुविशारद नव्हता, वकील होता. न्यू यॉर्कचा 1916 चा झोनिंग ठराव त्याच्या पुढाकाराने झाला. दहा वर्षांनी ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. एका जमीनमालक कंपनीने झोनिंग घटनाविरोधी असल्याचं म्हटलं होतं. गावाच्या बाजूने न्यायालयाला सविस्तर टिपण सादर करणारा अल्फ्रेड बेटमन वकील होता आणि नगर नियोजनातही मुरलेला. 1926 मध्ये गाव जिंकलं आणि अमेरिकेतलं झोनिंग टिकलं.

आपल्याकडची गोष्ट मला याहून रंगतदार वाटते. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस शहरांचं प्रदर्शन घेऊन 1914 मध्ये हिंदुस्थानात आले. प्रदर्शनाचं सामान वेगळ्या जहाजातून येत होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, जर्मनांच्या ‘एम्डेन’ युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. गेडिस खचले नाहीत, सामान पुन्हा गोळा झालं. पुढे त्यांनी मुंबई इलाख्यातल्या काही शहरांवर अहवाल लिहिले, त्यात आपलं ठाणेही होतं. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवायच्या सपाट्याला त्यांचा कायम विरोध. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग उघडला आणि गेडिस त्याचे प्रमुख झाले. त्यांनी एका तरुणाला मुंबई शहरावर निबंध लिहायला लावला आणि तो वाचून परदेशी शिष्यवृत्तीसाठी त्याची निवड केली. हा तरुण मालवणचा, शिकवायचा संस्कृत. नाव गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजहून परतून पुढे तोच भारतीय समाजशास्त्राचा मोठा आधार झाला. संस्कृतच्या माणसाला शहरावर लिहायला लावून शिष्यवृत्ती देणं, ही शंभर वर्षांपूर्वीची आपली फेलोशिप.

आज अशा फेलोशिप कोणत्या आहेत? बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्समध्ये 2016 पासून अर्बन फेलो कार्यक्रम चालतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिथे जाऊ शकतो. वकील आणि वास्तुविशारद एका वर्गात बसतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप 2010 पासून तरुणांना खासदारांसोबत काम करायला पाठवते. तिथे कायदा कसा बनतो ते दिसतं. आपल्या राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 ला सुरू झाली, मध्ये खंडित झाली आणि 2023 पासून पुन्हा चालू आहे. 21 ते 26 वयाचे साठ तरुण वर्षभर शासनाच्या कार्यालयांत काम करतात, सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. 2025-26 मध्ये प्रवासखर्चासह महिन्याला 61,500 रुपये. तीनही चांगल्या. पण सातबारा आणि भाग नकाशा एकाच टेबलावर ठेवून शिकवणं हे यातल्या एकीचंही मुख्य काम नाही.

आणि गरज किती, याचा हिशेब नीती आयोगाने सप्टेंबर 2021 च्या अहवालात मांडला आहे. राज्यांच्या नगररचना खात्यांत मिळून मंजूर पदं 3,945. त्यातली 42 टक्के रिकामी. गरज मात्र 12,000 हून अधिक नियोजनकारांची. जे नेमले गेले, त्यांना कायद्याची जोड किती आहे, हा प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही.

समजा दोन्ही कागद वाचू शकणारा एक फेलो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या अ प्रभागात, म्हणजे टिटवाळा-मांडा भागात, वर्षभर बसवला. त्याने काय करावं? मला विचाराल तर पहिले सहा महिने फक्त कागद जुळवावेत. मांडा, टिटवाळा, बल्याणी, बनेली इथले सर्व्हे नंबर घ्यायचे, आराखड्यातली आरक्षणं त्यावर बसवायची, कोणत्या आरक्षणाची दहा वर्षं उलटली ते लिहायचं. मग काळू नदी. पावसाळ्यात काळू चढली की रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो, हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या रेषा सातबाऱ्यावर नसतात. जमीन घेणाऱ्याला त्या दलाल दाखवत नाही.

उरलेले सहा महिने चाळींत जावेत. इथे खोल्या नोटरीच्या कागदावर विकल्या जातात. घेणाऱ्याकडे स्टॅम्प पेपर, त्यावर फोटो, अंगठा, शिक्का, सगळं असतं, पण मालकी नसते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन किंवा घर नोंदणीकृत दस्ताशिवाय विकता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं. महापालिकेचा हातोडा पडायच्या आधी हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. खोली विकणारा तोवर पुढच्या गावात दुसरी चाळ उभी करत असतो.

फेलोची गरज याच महापालिकेतल्या एका प्रकरणाने सिद्ध करून दाखवली. डोंबिवली भागात 65 इमारतींच्या विकासकांनी महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी तयार केली आणि तिच्या जोरावर महारेराची नोंदणीही मिळवली. लोकांनी ‘रेरा आहे ना’ म्हणून घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचे आदेश दिले. परवानगीचा क्रमांक नगररचना विभागाच्या नोंदवहीत आहे का, हा एक प्रश्न वेळेत विचारला असता तर शेकडो कुटुंबं वाचली असती. तो विचारायला वकील लागत नाही, नियोजनकारही लागत नाही. दोन्ही कागद वाचता येणारा एक माणूस लागतो.

अशी फेलोशिप कुणी काढेल तेव्हा काढेल. तोवर एवढं करा. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली हरकती-सूचनांसाठी फक्त 30 दिवस मिळतात. वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली जाहीर नोटीस चुकवू नका. आपला ताजा सातबारा घेऊन नगररचना विभागात जा, भाग नकाशा मागा, आपला सर्व्हे नंबर शोधा. हरकत लेखी द्या आणि तिची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.