झडपेखालची फट

जुन्या मोटारीच्या इंजिनाजवळ आपण उभे राहिलो, की एक बारीक टिकटिक ऐकू येते. पुष्कळांना तो दोष वाटतो. 'एवढा आवाज घालवून द्या,' असे ते मिस्त्रीला सांगतात. गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी मिस्त्रीने तो अजिबात घालविला, तर थोड्याच दिवसांत झडप जळते. ही टिकटिक कशाची, आणि ती मुद्दाम का राखावी लागते, हे आज आपण पाहू.

ऑटोने १८७६ साली जे चार धावांचे इंजिन सिद्ध केले, त्यात शोषण, दाब, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे ही कामे दट्ट्या क्रमाने करतो. तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. प्रत्येक झडप मात्र एकदाच उघडते. म्हणून झडपा उचलणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरवावा लागतो.

प्रारंभीच्या अनेक इंजिनांत कॅम होता तो फक्त धुराच्या झडपेला. आत घेणारी झडप हलक्या स्प्रिंगवर बसविलेली असे आणि दट्ट्याच्या शोषणानेच उघडे. रचना सोपी खरी. पण झडप उघडण्यातच शोषणाचा काही भाग खर्ची पडे, आणि वेग वाढला की झडप फडफडू लागे. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये मायबाखने दोन्ही प्रकारच्या झडपा कॅमने चालविल्या. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये चार सिलिंडरांच्या आठही झडपा एका बाजूस घेऊन एकाच कॅमशाफ्टवर काम भागविले.

आता फटीकडे वळू. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट झडपेच्या दांड्याला. झडप मिटलेली असताना या दोहोंत थोडी मोकळी जागा हवी. कारण दांडा तापला की लांबतो. पोलाद दर अंशाला सुमारे बारा दशलक्षांश इतके वाढते. समजा, दांडा १२५ मिलिमीटर लांब आहे आणि भोवतालच्या बिडापेक्षा सरासरी २५० अंशांनी अधिक तापला आहे. वाढ येते जवळजवळ ०.४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. 'मॉडेल टी'साठी फोर्डने सांगितलेली मर्यादा पाहा: फट १/६४ इंचाहून कमी नको, १/३२ इंचाहून अधिक नको.

कमी झाली तर काय होते? तापलेला दांडा टॅपेटवर टेकतो आणि झडप बैठकीवर पुरती बसत नाही. झडपेची बरीचशी उष्णता या बैठकीतूनच बाहेर जाते. ती वाट बंद होते, उलट पेटता वायू त्या चिरेतून सुटतो आणि कड जाळून टाकतो. फट अधिक झाली तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते, कमी उचलली जाते; शक्ती घटते आणि ठोके वाढतात. म्हणूनच चांगला आराखडा करणारा कॅमच्या चढाची सुरुवात अगदी मंद ठेवतो, म्हणजे टॅपेट दांड्याला हळूच भिडतो.

फट मोजताना हाताने इंजिन फिरवून दट्ट्या दाबाच्या धावेअखेर माथ्यावर आणावा. तेव्हा त्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. ठरल्या जाडीची पट्टी फटीत सरकवावी. ती किंचित अडत जावी. मग अर्धा फेरा देऊन स्फोटक्रमातील पुढचा सिलिंडर घ्यावा. 'मॉडेल टी'त हा क्रम १-२-४-३ असा आहे. अनेक गाड्यांत टॅपेटवर स्क्रू आणि नट असे; 'मॉडेल टी'त मुळात तीही सोय नव्हती. फट कमी भरली तर दांड्याचे टोक घासायचे, जास्त भरली तर भाग बदलायचा.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. झडप आपटून आपटून बैठकीत रुतत जाते, तसा दांडा टॅपेटकडे सरकतो आणि फट आपोआप बुजते. तेव्हा अशा इंजिनाची टिकटिक वाढली, तर फट मोजावी. पण आपण होऊन थांबली, तर त्याच दिवशी मोजावी.